बाबांनी शेवळं केली तेव्हा

आमच्या घरात चव ही आईची मालमत्ता होती. धसईच्या बाजारातून कुणीही तांदूळ आणला, की ती चार दाणे दाताखाली धरून जुना की नवा ते सांगायची. अंगणात धुणं वाळत घालता घालता तिला आतल्या डाळीत हिंग कमी पडल्याचं कळायचं. आज हे कौतुकानं सांगतेय, पण तेव्हा मला त्याचा जाच व्हायचा. माझ्या हातचं काहीही तिच्या नाकातून सुटत नसे.

मग तिला ताप आला. आठवड्यात उतरला, पण जाताना वास आणि चव दोन्ही घेऊन गेला. येईल परत, असं डॉक्टर म्हणाले. महिने गेले तरी काही आलं नाही. आई दोन घास खाऊन ताट सारायची. तिचे ब्लाउज सैल पडायला लागले, आणि एके दिवशी तिनं स्वयंपाक करणंच सोडलं.

"मी काय रांधते तेच मला कळत नाय. तुमाला काय पण खायला घालू का?" एवढंच म्हणाली.

मला तिची भीती वाटायला लागली. जेवणावरून उडालेलं तिचं मन सगळ्यावरूनच उडतं की काय, असं वाटायचं.

मी सकाळीच शहापूरला कामावर जाते, त्यामुळे चूल बाबांकडे आली. जन्मभर शेतात राबलेला हा माणूस, कधी स्वतःचा चहा केला नव्हता. ते मुकाट्यानं शिकले. भाकरी थापताना तिचे तुकडे पडायचे, ते तुकडेच निगुतीनं भाजून आम्हाला वाढायचे. आई काही बोलत नसे. पूर्वीची असती तर त्यांची धडगत नव्हती. बाबांना तेच खुपायचं. "शिव्या तरी घालायची गो," असं एकदा मला म्हणाले.

मे सरता सरता वाडीवरची बाई शेवळं घेऊन दारात आली. शेवळं ही आमच्याकडची लाडकी रानभाजी, पण खाजरी. तिच्यात काकडं नावाची आंबट रानफळं पुरेशी घातली नाहीत, तर घसा धरते. म्हणून विकणारी बाई जुडीबरोबर काकडंही देतेच. बाबांनी पाच जुड्या घेतल्या. आईला आवडतात, म्हणाले.

रविवार होता. त्यांनी हाताला तेल लावून शेवळं बारीक चिरली, चण्याची डाळ घातली, सुका जवळा घातला. दिसायला भाजी झकास झाली होती. पहिला घास घेतला आणि माझा घसा पेटला. बाबा खोकत पाण्याकडे धावले. आईनं मात्र घास गिळला आणि गळ्यावर हात ठेवून तशीच बसून राहिली.

"खाजतं," ती म्हणाली.

आम्ही दोघं खोकायचे थांबलो.

"काकडं किती घातली तुमी?"

"चार," बाबा म्हणाले. "आंबट होईल म्हटलं."

"पाच जुड्यांना चार? आणि आतला तो खाजरा पिवळा भाग काढला नाय वाटतं कापताना? डोळे कुठं होते?"

ती उठली आणि पातेलं घेऊन आत गेली. उरलेली काकडं ठेचून त्यात ढकलताना तिचं तोंड चालूच होतं, आणि बाबा दारात उभे राहून ते सगळं ऐकून घेत होते. इतका सुखी चेहरा मी त्यांच्या लग्नाच्या फोटोतही पाहिला नाही.

भाजी पुन्हा रटरटली. मीठ बघायला तिनं मला बोलावलं. आता भाजी बिनखाजेची आणि अगदी तिच्या हातची झाली होती. आम्ही पोटभर जेवलो. मी आईचं ताट वाढायला गेले, तर तिनं हातानंच नको म्हटलं. बाबांची पहिली भाजी तिनं एका वाटीत आधीच बाजूला काढून ठेवली होती. ओट्याला टेकून ती तीच खात होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"अगं, घसा सुजेल," मी म्हटलं.

"काय तरी लागतंय गो," ती म्हणाली आणि तिनं आणखी एक घास घेतला.