सरांनी बांधलेली जाळी

आज सकाळी कॉलेजच्या बास्केटबॉल कोर्टवर आमचे सर शिडीवर चढून रिंगची फाटकी जाळी बांधत होते. कालच आमच्या क्रीडा समितीने त्यांना प्रशिक्षकपदावरून काढलं होतं. मी त्यांच्याच हाताखाली खेळले, वाढले. पण संघ वर्षानुवर्षं हरत होता, मुली सोडून जात होत्या. म्हणून समितीच्या बैठकीत त्यांना काढण्याच्या बाजूने मीही हात वर केला.

"सर, आता हे कशाला?" शिडी धरत मी विचारलं.

"संध्याकाळी मुली येतील ना सरावाला." गाठ मारता मारता ते म्हणाले, "निर्णय बरोबरच आहे तुमचा. फक्त आधी घरी येऊन तू मला सांगायचं होतंस, बाळ."

निर्णय बरोबर असला की आपलं वागणंही बरोबरच ठरतं, असं मी समजून चालले होते.

सर उतरले आणि फाटकाकडे निघाले. मी हाक मारली. ते थांबले, वळले. मी शिडी तिथेच सोडून त्यांच्याकडे चालत गेले.