येळवसेची आंबील शेजाऱ्याच्या हरभऱ्यावर

नांदेडहून निलंग्याकडे निघालो ते एक पवित्र कार्य घेऊन: मित्राच्या मुलीचं शेतीचं वेड उतरवायचं. मित्र दिनकर, नांदेडात मास्तर. मुलगी पल्लवी, विष्णुपुरीला इंजिनिअरिंग केलेली. पण पावसाळ्यापासून गावी आत्याकडे राहून घरचं रान कसतेय. येत्या पाडव्यापासून दिनकर ते बटईनं, म्हणजे वाट्यानं, दुसऱ्याला लावणार होता.

"तू संस्कृतवाला. चार श्लोक हाण, तुझं ऐकंल ती."

श्लोकानं कुणी ऐकल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही. पण येळवसेचं जेवण होतं, म्हणून हो म्हटलं आणि त्याच्यासोबत निघालो.

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली वेळ अमावस्या. या दिवशी सारा लातूर जिल्हा शेतात असतो. लातूरच्या स्टँडबाहेर चहाही मिळेना, तेव्हा नाश्ता अहमदपूरलाच उरका. निलंग्यापुढे जो ट्रॅक्टर थांबेल तो आपला. भाडं कुणी घेत नाही, फक्त कुणाचे पाहुणे ते विचारतात.

रानात कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, कोपीत पूजा, पुढ्यात भज्जी: हिरव्या शेंगा, पालेभाज्या बेसनात घोटलेल्या. सोबत बाजरीचे उंडे. दुसऱ्या वाढीला मी कार्यारंभ केला.

"पल्लवी, शेतीत कष्ट फार गं."

"हो ना काका. अजून भज्जी घ्या."

प्रथम सर्ग समाप्त.

मग आंबिलीचं मडकं निघालं. घरचा कर्ता पुढे, पिकावर आंबील शिंपडत; बाकीचे मागून "ओलगे ओलगे, सालम पोलगे" म्हणत. एवढं व्याकरण घोकूनही मला त्यात एक धातू सापडला नाही. ओरडायला अडलं नाही.

दिनकर डौलात चालला होता. ज्वारी संपली, हरभरा लागला.

"बाबा," पल्लवी मागून हळूच म्हणाली.

"मधी बोलू नको, सुरू हाय."

पलीकडच्या कोपीतून शेजारी हात पुसत उठला. "शिंपडा मास्तर, शिंपडा. आमच्या हरभऱ्याला बी बरकत येऊंद्या. तुमचं रान तेवढं मागं ऱ्हायलं."

सगळे हसले. दिनकर मडकं घेऊन उभाच. "बांध बोरीच्या झाडापाशी वळतो की. बोर कुठाय?"

"ती पडली, बाबा. फोनवर सांगितलं होतं."

बापानं त्या मोकळ्या जागेकडे पाहिलं. मग मडकं लेकीच्या हातात दिलं.

"हो म्होरं. आम्ही येतो मागं."

ती वळली, आम्ही वळलो. शेजारी म्हणाला, "आता बराबर."

परतीच्या एसटीत आम्ही तिनं दिलेले हरभऱ्याचे ढाळे सोलत बसलो. नांदेडला उतरतोय तोच बटईवाल्याचा फोन आला: पाडव्याचं नक्की धरू का?

"मला काय इचारता? मालकीणबाईला इचारा. रानातच हाय ती."

फोन खिशात टाकून दिनकर माझ्यावर घसरला. "तू तर एक शब्द बोलला न्हाईस तिला."

"बोललो की. तिसऱ्यांदा वाढ म्हणालो."

घरी येऊन पाहिलं, तर सदऱ्यावर आंबिलीचे पांढरे शिंतोडे. हे आपल्या रानातले की शेजाऱ्याच्या, ते पल्लवीलाच विचारायला हवं.