सुमनचं अर्धं राहिलेलं रडणं

मंगळवार, नऊ तारीख, सकाळचे साडेअकरा. परभणीतल्या आमच्या अपार्टमेंटमध्ये एका बाईचं रडणं बंद पाडण्यात आलं... पाण्याची मोटर बंद करावी तसं.

माझ्या शेजारच्या सुमनचा नवरा रविवारी गेला. माती झाली, माणसं पांगली, तरी ती कोरडीच. ना रडणं, ना बोलणं. मी जवळ बसून होते, पण मी कॉन्व्हेंटची... रुमालाने डोळे टिपायचे, आवाज करायचा नाही, एवढंच शिकलेली. "सावर, सावर" एवढंच म्हणत राहिले.

मंगळवारी राणीसावरगावहून तिची चुलत नणंद जीपभर बाया घेऊन आली. दारातच सुमनच्या गळ्यात पडली आणि हेल काढला, "वैनी, माजा भाऊ कुटं ठिवलास गं..." बाकीच्यांनी तो हेल उचलला. त्याचं हसणं, त्याचा राग, त्याने लावलेला आंबा... एकीचा श्वास संपला की दुसरी पुढे न्यायची.

आणि सुमनचं तोंड उघडलं. "अक्का, त्यानं सकाळी मला..."

तेवढ्यात आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी दारात. वर मुलांची ऑनलाइन परीक्षा चालू आहे म्हणे, जरा सभ्यपणे रडा. बायांनी तोंडात पदर कोंबले. सुमनचं वाक्य तिथंच तुटलं.

याच सेक्रेटरींच्या मुलाच्या हळदीला पार्किंगमध्ये डीजे लागला होता. तेव्हा सभ्यपणा कुठल्या मजल्यावर होता?

जाताना नणंद जिन्यात मला म्हणाली, "बाई, आमी काय भांडाय आलतो व्हय? एकटीला कुटं रडता येतंय?"

त्यानंतर सुमन एक अक्षर बोललेली नाही. त्या रविवारी सकाळी काय झालं, तो काय म्हणाला... मी विचारून पाहिलं. ज्यांच्यापाशी ते निघत होतं, त्यांना आपण हाकललं. आता ते पुन्हा निघेल, असं मला वाटत नाही.

तरीही... येत्या मंगळवारी दहावा आहे, त्या बायांना मी फोन करून बोलावलंय. त्यांना मोकळं रडू देणार की नाही, याचं कमिटीने सोमवारी संध्याकाळी पाचच्या आत लेखी उत्तर द्यावं. माझ्या दारात नको. सुमनच्या दारात आणावं, आणि तिला मोठ्याने वाचून दाखवावं.