कारंज्यामागची खोली

कतार म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे वाळू येते. माझ्या डोळ्यांपुढे बोरीची झाडं येतात. दोह्याचा दुहैल भाग मागे टाकून उत्तरेला बरंच आत गेलं की एक जुनी बाग लागते. मालकाच्या आजोबांनी विहिरीच्या पाण्यावर वाढवलेली. खजुरीच्या रांगा, दांडग्या बोरी, मधोमध दगडमातीचं जुनं घर आणि त्याच्यापुढे पाण्याची टाकी. पुढच्या पिढीने कडेकडेने पाहुण्यांसाठी लहान लहान बंगल्या बांधल्या, टाकीसमोर कारंजं केलं आणि बाग समारंभांना द्यायला सुरुवात केली. मी तिथे इलेक्ट्रिशियन होतो.

थंडी पडली की समारंभांची रांग लागायची. साखरपुडे, बारशी, ईदची जेवणं. बोरींवर दिव्यांच्या माळा मी चढवायचो, पण त्या पेटल्यावर बाग कशी दिसते हे मला नीटसं माहीत नाही. बायकांचा समारंभ असला की पुरुषांनी मागच्या भिंतीपलीकडे आमच्या खोल्यांकडे निघून जायचं, असा नियम होता. मला त्यात गैर वाटत नव्हतं. मी रायगडचा कोकणी मुसलमान. आमच्याकडेही बायकांच्या मेहंदीत पुरुष डोकावत नाहीत. पण आमच्याकडे चुकून कुणी आत राहिला तर तो खाकरतो, बायका पदर सावरतात आणि तो खाली मान घालून निघून जातो. इथे खाकरायचीही कुणाची छाती नव्हती. मागे एका ड्रायव्हरला एवढ्यासाठी विमानात बसवून दिलं, असं सुपरवायझर सांगायचा. तो ड्रायव्हर आमच्यापैकी कुणीही पाहिलेला नव्हता.

पंपाचं काम बघायला सांगलीकडचे एक गृहस्थ होते. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणायचो. त्यांना साखरेचा आजार होता. जेवायच्या आधी ते पोटात इंजेक्शन घेत, मग लगेच ताटावर बसत. जेवायला उशीर झाला की हातपाय कापत, म्हणून खिशात लिंबाच्या गोळ्या कायम. दुपारी गावाहून मामींचा फोन यायचा आणि पहिला प्रश्न ठरलेला, जेवलात का? मामा आमच्याकडे बघून डोळे फिरवायचे. पण एखाद्या दिवशी फोन आला नाही, की भाकरी त्यांच्या घशाखाली उतरायची नाही.

त्या दिवशी मालकाच्या घरातल्याच मुलीचा साखरपुडा होता, दुपारचा. म्हणून आम्हाला नवे कोरे युनिफॉर्म मिळाले होते. मामांनी वांग्याचं कालवण केलं, भाकऱ्या थापल्या, इंजेक्शन घेतलं आणि डबा उघडणार तोच सुपरवायझर ओरडत आला. कारंजं बंद पडलं होतं.

"आलोच रं. झाकून ठेव," मामा मला म्हणाले आणि गेले.

पंपाची खोली टाकीच्या पोटात, कारंज्याच्या मागे. तिला एकच दार, आणि तेही हिरवळीच्या बाजूला. मामा आत शिरले आणि बायकांच्या गाड्या ठरल्यापेक्षा लवकर आल्या. आमच्या खोल्यांकडच्या भिंतीतलं फाटक बंद झालं. थोड्या वेळाने कारंजं उडायला लागलं, ते आम्हाला भिंतीवरून दिसलं. मामा काही आले नाहीत.

मी फोन लावला.

"आरं, बायामाणसं दाराम्होरंच बसल्याती," मामा कुजबुजले. "कसा भाईर येऊ?"

"मामा, इंजेक्शन घेतलंय तुम्ही. गोळ्या आहेत ना?"

खिसे चाचपल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "जुन्या शर्टात ऱ्हायल्या."

मी डबा उचलला आणि फाटकावर गेलो. सुपरवायझर तिथेच होता. त्याला सगळं सांगितलं, इंजेक्शनचंही. तो म्हणाला, "अभी कुछ नहीं हो सकता, लेडीज़ आ गई हैं. थोडा रुको." मी म्हणालो, माणूस मरेल. त्यावर तो म्हणाला, सकाळी नाश्ता केला असेल की. मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. अजूनही वाटते.

मामांना परत फोन लावला, तर बिझी. मला वाटलं, चला, शुद्धीत आहेत, कुणाशी तरी बोलताहेत. इतक्यात घरातली एक मोलकरीण ट्रे घेऊन फाटकाशी आली. समारंभासाठी तिलाही झगझगीत कपडे दिले होते. तिच्या हातापाया पडून सांगितलं, कारंज्यामागच्या दारातून एक ज्यूस आत दे. बिचारी लगेच गेली. ढोलक्या जोरात वाजत होत्या. ती परत आली ती भरला ग्लास घेऊनच. म्हणाली, मी दार ठोठावलं, हाक मारली, ढकललंसुद्धा. आतून कुणीतरी दार दाबून धरलंय.

डॉक्टर नंतर म्हणाले, साखर उतरली की माणसाला काही उमजेनासं होतं. मला ते पटत नाही. मामांना पुरतं उमजत होतं. बाहेर बाईमाणूस आहे आणि दार उघडायचं नाही, एवढं त्यांनी शेवटपर्यंत लक्षात ठेवलं.

मग फोन नुसताच वाजत राहिला. सुपरवायझर म्हणाला, आता नवरी बाहेर येतेय, ती बसली की बघू. मी त्याला बाजूला सारलं आणि फाटक उघडून आत गेलो. हातात डबा, नजर पायांकडे. एक बाई किंचाळली, मग पुष्कळ किंचाळल्या. ढोलक्या थांबल्या. मला फक्त गवत दिसत होतं, आणि टेबलांचे पाय, आणि टेबलांवरून लोंबणारं पांढरं कापड. त्या टेबलांवर काय काय होतं हे मला ठाऊक होतं, सकाळी मीच ती ताटं मांडायला मदत केली होती. खजूर, हलवा, मधात बुडवलेली मिठाई. दारापासून हात लांब केला असता तर मिळालं असतं.

दाराला खांदा लावून रेटलं, तेव्हा ते उघडलं. ते अडलं होतं, कारण मामा दाराला पाठ लावूनच पडले होते. नवा युनिफॉर्म घामाने भिजून अंगाला चिकटला होता. मी हाका मारत होतो, आणि तेवढ्यात मागून एक सुरकुतलेला, मेंदीचा हात पुढे आला. मालकाची म्हातारी आई. तिने वाटीतला मध बोटाने मामांच्या हिरड्यांना चोळला. दुसऱ्या कुणीतरी अँब्युलन्सला फोन केला. मला कुणीही एक शब्द बोललं नाही.

अँब्युलन्स येईपर्यंत म्हातारी तिथेच खाली बसून होती. मोडक्या हिंदीत तिने मला विचारलं, "ये बाहर क्यों नहीं आया? आवाज़ देता. हम मुँह ढाँप लेते. बस, खलास."

इतकं सोपं होतं ते. तिच्यावर चिडावं तर तिचा काय दोष? मामांवर चिडावं तर कोणत्या तोंडाने? सगळा राग माझ्याच पोटात राहिला, तो अजून तिथेच आहे.

मामा पुन्हा शुद्धीवर आले नाहीत. हॉस्पिटलमध्ये काही दिवस मशीनवर होते, मग गेले. मला कुणी विमानात बसवलं नाही. पुढच्या आठवड्यात बागेत एक बारसं झालं आणि माळा मीच चढवल्या.

मामांना गावी नेल्यावर काही दिवसांनी मामींचा मला फोन आला. रडणं संपलेलं होतं. त्यांना फक्त बोलायचं होतं.

"त्या दिशी दुपारी मी फोन क्येला हुता," त्या म्हणाल्या. "लई हळू बोलत हुतं. जेवलासा का म्हणून इचारलं, तर म्हणलं, पोटभर जेवलोय, आता जरा पडतो. उपाशी न्हाई गेलं, तेवढंच माझ्या जिवाला बरं वाटतंय बगा."

फोन तेव्हा बिझी का होता, ते मला त्या क्षणी कळलं.

"काय केलं हुतं जेवायला?" मामींनी विचारलं.

"वांग्याचं कालवण," मी म्हणालो. "आणि भाकरी."

"त्यांच्या आवडीचं," मामी म्हणाल्या.