आरतीतली उलटी टाळी

आमच्या व्याह्यांइतका अस्वस्थ माणूस अख्ख्या अमेरिकेत दुसरा नसेल, आणि असलाच तर त्याला आमच्या बिल्डिंगमध्ये आणू नका. हे माझ्या सुनेचे वडील. तरुणपणी शिकायला म्हणून इकडे आले, मोठे इंजिनिअर झाले, आणि रिटायर झाल्यावर जर्सी सिटीत आमच्याच वरच्या मजल्यावर येऊन राहिले. मी एसटी डेपोतला फिटर, सातवी शिकलेला, इथं मुलाकडे येऊन राहिलेला. बायको गेल्यापासून मला गप्प बसावंसं वाटायचं आणि ह्यांना बसताच येत नसे. जेवताना बोटं ताटावर, लिफ्टमध्ये चावी दारावर, पाय तर झोपेतसुद्धा हलत असणार. एकदा त्यांचं बीपी मोजताना नर्स पट्टा बांधून बांधून दमली आणि म्हणाली, जरा पाय थांबवता का? हे म्हणाले, गाणं संपू दे. गाणं कुठंच चालू नव्हतं.

खूळ सगळं एकाच गोष्टीचं. रिदम अँड ब्लूज म्हणून इथल्या काळ्या लोकांचं जुनं संगीत आहे, म्हणजे ठेका धरलेलं दुःख, असं ते सांगायचे. ते जन्मलं कुठं, हा त्यांचा आयुष्यभराचा प्रश्न. सोमवारी विचाराल तर चर्चमध्ये. मंगळवारी म्हणणार, छे छे, दक्षिणेतली माणसं कापसाची शेतं सोडून कारखान्यात काम शोधायला उत्तरेकडे निघाली, त्या रेल्वेच्या डब्यात. बुधवारपर्यंत ते शहरातल्या एखाद्या गुत्त्यात पोचलेलं असायचं. तिथं म्हणे वाजवणाऱ्यांचा मोठा ताफा पोसायला परवडेना, म्हणून पाच-सहा जणांनीच सगळ्या ताफ्याचा आवाज काढला आणि गाणाऱ्याला त्याच्यावर ओरडावं लागलं. मी म्हटलं, अहो, एका पोराची किती बारशी करता? त्यावर रागावले नाहीत. मुद्दा चांगला आहे म्हणून आणखी तासभर बोलले.

गाडीतही तेच. एडिसनच्या देशी बाजारातून वांगी आणायला निघालो आणि ह्यांनी एक्झिटच घेतली नाही, कारण सॅक्सोफोन मध्यावर आला होता. "अर्ध्यात वळलो तर त्याला काय वाटेल?" त्याला म्हणजे वाजवणाऱ्याला, जो वारून जमाना झाला. आम्ही थेट शेजारच्या राज्यात, पेनसिल्व्हेनियात पोचलो. घरी सुनेला सांगितलं, वांगी किडकी होती.

दर शनिवारी खालच्या हॉलमध्ये मराठी मंडळी आरतीला जमतात. सगळ्यांची टाळी पहिल्या ठोक्यावर, आणि व्याह्यांची पहिला सोडून दुसऱ्यावर. मिस मारणाऱ्या इंजिनासारखी आरती गचके खायची. सून म्हणायची, "बाबा, प्लीज, सगळ्यांबरोबर वाजवा ना." तर म्हणायचे, "सगळेच घाई करतात, त्याला मी काय करू?" शेवटी त्यांना मागच्या भिंतीशी उभं केलं. तिथं मी होतोच. ही होती तोवर आरतीत हिची टाळी सगळ्यांच्या पुढं असायची, बांगड्यांसकट, आणि मी हिच्याकडे बघून वाजवायचो. ही गेली आणि माझे हात उठेनात. लोक खुणावायचे, काका, वाजवा. मी हात जॅकेटच्या खिशात घालून उभा. घरी आलो की फेऱ्या मारत राहायचो, इथून तिथं, तिथून इथं. वाटायचं, आता हे हात मरेपर्यंत असेच खिशात राहणार.

व्याह्यांनी माझे खिसे पाहिले आणि आयुष्यात पहिल्यांदा थोडक्यात बोलले. शिकताना ते एका काळ्या म्हातारीच्या घरी भाड्याच्या खोलीत राहायचे. नवऱ्याबरोबर दक्षिणेतून आलेली बाई, नवरा नुकताच वारलेला. तिनं ह्यांना एका रविवारी चर्चमध्ये नेलं. ह्यांनी घरच्या सवयीनं पहिल्या ठोक्यावर टाळी मारली आणि अख्खी रांग हसली. म्हातारीनं ह्यांची मनगटं धरून ठेवली आणि मग सोडली.

"ती म्हणाली, पहिला ठोका पडतो तो पडू द्यायचा. तो आपल्या हातात नसतो," व्याही म्हणाले. "दुसरा आपला."

एवढं सांगून त्यांनी भर आरतीत माझी मनगटं खिशातून बाहेर ओढली. पहिला ठोका गेला. "थांबा, व्याही. आता." आमच्या दोघांच्या टाळ्या एकदम पडल्या. चुकीच्या जागी, पण एकदम. सुनेनं मागं वळून पाहिलं. मला वाटलं, ओरडणार. ती पुन्हा पुढं वळली आणि तिचे खांदे हलायला लागले. हसत होती की रडत होती, मी विचारलं नाही.

ह्या हिवाळ्यात त्यांच्या मुलानं त्यांना आपल्याकडे नेलं, पार दुसऱ्या टोकाला, रेडमंडला. गुडघे गेलेत. फोनवर तक्रार करतात की तिथला पाऊस दिवसभर पडतो, पण ठेका म्हणून धरत नाही. त्या संगीताचं जन्मगाव अजून ठरलेलं नाही. परवा एका स्वयंपाकघरापर्यंत आले होते.

वरच्या मजल्यावरून आता पायाचा आवाज येत नाही, त्यामुळे मला नीट झोप लागत नाही. शनिवारी मी मागच्या भिंतीशी एकटाच असतो. पुढं पहिला ठोका पडतो. तिथं मला ही दिसते, दर वेळी. मी तो पडू देतो. मग वाजवतो. एकट्याची टाळी फार बारीक येते, आणि मंडळी अजून वळून बघतात. बघू देत.