काठीचं तोंड

दादा, माझा थोरला भाऊ, आयुष्यभर जहाजांवर खलाशी होता. पोशीरला परत आला तेव्हा त्याने घराला रंग दिला नाही की शेतात बोअर मारली नाही, एक जुनी शिडाची होडी आणली. चौदा फुटांची, दोन शिडांची. आमच्या भातशेती करणाऱ्या घरात त्याआधी होडीत कोणी पायही ठेवला नव्हता. खालापूरच्या बाजूला डोंगराखाली एक तलाव आहे, तिथे ती ठेवायची परवानगी त्याने काढली. मी नेरळच्या शाळेत विज्ञान शिकवून नुकतीच निवृत्त झाले होते. दुसरं कोणी बसायला तयार नव्हतं, म्हणून मी त्याच्याबरोबर बसू लागले.

वारा पाठीमागून आला की पुढचं छोटं शीड मोठ्या शिडाच्या आड जातं आणि वाळत घातलेल्या फडक्यासारखं लोंबतं. ते दुसऱ्या बाजूला ताणून धरायला काठी लागते. दादाने ॲल्युमिनियमच्या पाइपची काठी केली. तिचं एक टोक डोलकाठीला दोरीने बांधायचं आणि दुसरं शिडाच्या कोपऱ्यात अडकवायचं. त्या दुसऱ्या टोकाला काय बसवायचं, यावर आमचा होळीनंतरचा सगळा महिना गेला. त्याला आम्ही काठीचं तोंड म्हणायचो.

दादाने कुरिअरने दोन तोंडं मागवली. एक होतं साधा सुळा. बोटाएवढी स्टीलची सळी, शिडाच्या कोपऱ्यातल्या भोकात घालायची. शिडाची दोरी सैल सोडली की सुळा आपोआप निसटतो. दुसरं खटक्याचं. त्यावर शिडाच्या कोपऱ्याला बांधलेला दोरीचा फास नुसता दाबला की तो आत जातो आणि खटका मागून बंद होतो. उघडायला काठीच्या कडेने आलेली बारीक दोरी ओढायची.

मला सुळा पटला होता. दादाने पहिल्याच दिवशी खटक्याचं उचललं.

"बघून तर घेऊ," मी म्हटलं.

अंगणातल्या आंब्याच्या फांदीला मी ते तोंड टांगलं आणि त्यात दोरीचा फास अडकवला. फास मोकळा असताना बारीक दोरी ओढली, तर खटका लगेच उघडला. मग फासाला तांदळाची अर्धी गोणी लटकवली. दोन्ही हातांनी ओढलं तरी खटका जागचा हलला नाही.

"भार आला की हे उघडत नाही, दादा."

"मग भार येऊ द्यायचा नाय."

"वारा तुला विचारून येणार आहे का?"

"चाळीस वर्सं पाण्यावर काढली गं मी," तो म्हणाला आणि गोणी खाली उतरवायला लागला. गाठ त्याला सुटेना. मी पुढे होऊन सोडली. तो घरात निघून गेला.

त्या दिवसांत काही गोष्टी मला दिसत होत्या, पण मी त्या एकत्र ठेवून पाहिल्या नाहीत. तो बटणांचे शर्ट सोडून टी-शर्ट घालायला लागला होता. चहा कपातून न घेता पेल्यातून घ्यायचा, तोही डाव्या हाताने. उजवा हात बहुतेक वेळ खिशात असायचा.

तलावाच्या काठी वरच्या ठाकूरवाडीतला एक म्हातारा ट्रकच्या ट्यूबवर बसून मासे धरायचा. आम्ही होडी पाण्यात ढकलताना त्याने समोरच्या उताराकडे हात केला.

"त्या झाडांची पानं पांढरी दिसाया लागली का बाहेर या. वारा वरून पडतो हितं."

दादाने मान डोलावली. काठीला त्याने खटक्याचं तोंड बसवून आणलं होतं. मी पुन्हा विषय काढला नाही. मी तेव्हा बोलायला हवं होतं.

दुपारचे तीन वाजले असतील. वारा पाठीमागे होता, पाण्यावर बारीक सुरकुत्या होत्या. दादाने फास दाबला, खटका बंद झाला, पुढचं शीड भरलं आणि होडी पळायला लागली. दादा खूश होता. मी डोंगराकडे पाहत होते. आधी उताराच्या वरच्या टोकाला एक पट्टा पांढरा झाला. मग तो खाली सरकायला लागला, जणू कुणी हात फिरवत आणला. आवाज अजून नव्हता.

"दादा, पानं."

त्याने वळून पाहिलं. "दोरी सोड, मी खटका ओढतो."

वारा पोचला तेव्हा मी शिडाची दोरी सोडली होती. पण होडी कलली आणि काठीचं टोक पाण्यात गेलं. आता पाणीच काठीला मागे रेटत होतं. एका बाजूची कड बुडाली आणि गार पाणी माझ्या मांडीवर आलं. दादा बारीक दोरी ओढत होता. मी त्याच्या हाताकडे पाहिलं. अंगठा आणि बोट दोरीवर जुळतच नव्हते. हात थरथरत होता, आणि ती थरथर थंडीची नव्हती, भीतीचीही नव्हती.

माझ्याकडे सुरी होती, कलिंगड कापायला आणलेली. गुडघ्यांवर सरकत मी डोलकाठीपाशी गेले आणि काठी जिथे बांधली होती ती दोरी कापली. काठी सुटताना माझ्या खांद्यावर आपटली. शीड फडफडत मोकळं झालं, होडी हळूहळू सरळ झाली.

आम्ही डब्याने पाणी उपसत काठाला आलो. ट्यूबवाला म्हातारा गुडघाभर पाण्यात येऊन उभा होता. त्याने होडी ओढून घेतली, दादाकडे एकदा पाहिलं आणि निघून गेला.

दादा दगडावर बसला. मग म्हणाला, "सुळा भोकात घालाया जमत नाय मला. खटक्याचं नुसतं दाबलं का होतं."

"कधीपासून?"

"जहाजावर असतानाच. म्हणून तर आलो."

तो आपणहून घरी आला, असं आम्ही सगळे दोन वर्षं समजत होतो.

काठीला आता सुळ्याचं तोंड आहे. ते मी बसवलं, आणि वारा असला तर भोकात मीच घालते. दादा सुकाणू धरतो, डाव्या हाताने.

गेल्या आठवड्यात त्याला कर्जतला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी त्याला चालायला लावलं, बोटं उघडमीट करायला लावली. मग कागद पुढे केला आणि मनात येईल ते लिहायला सांगितलं. दादाने त्याने पाहिलेल्या बंदरांची नावं लिहिली. पहिलं नाव टपोऱ्या अक्षरात होतं. दुसरं थोडं लहान. ओळ संपेपर्यंत अक्षरं मोहरीएवढी झाली, शेवटचं नाव मला वाचताच आलं नाही. दादाच्या ते लक्षात आलं नव्हतं, तो पेनाला टोपण लावायच्या खटपटीत होता.

डॉक्टर बारीक होत गेलेल्या अक्षरांवर बोट ठेवून म्हणाले, "हा कंपवात आहे, हळूहळू वाढत जाईल." मग त्यांनी मला विचारलं, "यांच्या घरी कोण कोण असतं?"

"मी असते," मी म्हटलं.