कापा मावशीची आंबट

आमच्या बागवसाहतीत भांडण चालू असलं की ते कुणाचं, हे विचारावं लागत नसे. आवाज वरून आल्यासारखा वाटला की ती कापा मावशी. तिने सारा जन्म कारखान्यात छताखालची क्रेन चालवली. खालच्या माणसांना ऐकू जावं म्हणून जो आवाज एकदा लावला, तो निवृत्त झाल्यावरही खाली आला नाही. पूर्ण नाव कापितोलिना येगोरोव्ना, पण ते फक्त सभेत आणि तिच्यावर चिडल्यावर घ्यायचं.

मी फाईना, तिची फाया. माझा तुकडा तिच्या तुकड्याला लागून. शहराबाहेर, ओब नदीच्या डाव्या काठावर कारखान्याने आम्हा कामगारांना जमीन वाटली तेव्हापासून आमच्या दोघींमध्ये एक मोडकं कुंपण आणि तिचं ते झुडूप. ब्लॅककरंटची, म्हणजे करवंदासारख्या काळ्या फळांची झुडपं प्रत्येकाकडेच होती, त्याशिवाय बाग कसली? पण कापा मावशीची जात वेगळी. फळ बारीक, साल जाड, आणि आंबट एवढं की एक खाल्लं की डोळा आपोआप मिटायचा. जातीला नाव नव्हतं. आम्ही तिला ‘कापाची आंबट’ म्हणायचो.

जात निवडताना आम्ही सगळे फळ बघायचो. मोठं किती, गोड किती, पिकल्यावर गळतं की देठाला धरून राहतं. कापा मावशी फळाकडे बघायचीसुद्धा नाही. ती पान चुरगळायची आणि नाकाशी धरायची.

“फळ काय, महिनाभराचं,” ती म्हणायची. “पान सगळ्या उन्हाळ्याचं. चहात पान, काकडी मुरवायच्या पिंपात पान. ज्याच्या पानाला वास नाही त्याचं फळ मला फुकट नको.”

आणि खरंच, तिच्या पानावर मुरलेली काकडी जानेवारीत पिंपातून काढली तरी कुरुमकुरुम वाजायची, आणि खोलीभर त्या पानाचा वास सुटायचा.

झुडूप आणलं कुठून, असं कुणी विचारलं तर ती ऐटीत सांगायची, “चोरलं.” मला मात्र एकदा तिने खरं सांगितलं. तिला मुलगी झाली त्या दिवशी तिचा नवरा येफीम प्रसूतिगृहाच्या खिडकीखाली येऊन उभा राहिला, कारण नवऱ्यांना आत सोडत नसत. एप्रिल महिना, अंगणात चिखल, फुलं कुठे मिळणार? त्या भल्या माणसाने तिथल्याच कुंपणातली ब्लॅककरंटची एक फांदी मोडली आणि तिने खिडकीतून सोडलेल्या दोरीला बांधून वर पाठवली. नुकतेच कोंब फुटलेली. कापाने ती पाण्याच्या पेल्यात ठेवली, तर आठवड्याभरात खाली मुळं. ती तिने आधी राहत्या घराच्या अंगणात लावली, आणि जमीन मिळाल्यावर इथे आणली.

“सगळ्या बायकांना नवऱ्यांनी बिस्किटं पाठवली,” ती म्हणाली. “माझ्या येड्यानं काटकी पाठवली. पण वास काय होता, फाया! सगळी खोली माझ्याकडे बघत होती.”

येफीम चाळिशीतच गेला. मुलगी लग्न करून ओम्स्कला. राहिलं ते झुडूप. म्हणून तिचा आवाज चढला तरी मी कधी कान झाकले नाहीत.

जमीन मिळाली त्या पहिल्या शरदात कापा मावशीने सगळ्यांना कलमं वाटली. ओली राहावी म्हणून काटकी बटाट्यात खोचून द्यायची आमच्याकडची रीत. आणि दुसरी रीत अशी की रोप देणाऱ्याचे आभार मानायचे नाहीत. आभार मानले की रोप लागत नाही. घ्यायचं, मान खाली घालून निघायचं. लहान पोरांनासुद्धा हे ठाऊक असतं. पण वेनियामिन साविच नुकताच वसाहतीचा अध्यक्ष झाला होता. कारखान्यात फोरमन होता, भाषणाची सवय. बटाटा हातात धरून त्याने सगळ्यांसमोर सांगितलं, की असल्या अंधश्रद्धा आता सोडल्या पाहिजेत. आणि कापा मावशीकडे वळून मोठ्याने म्हणाला, “आभारी आहे, कापितोलिना येगोरोव्ना! आभारी आहे! आभारी आहे!”

तीनदा. तिने पुढचा सगळा उन्हाळा त्याच्याशी अबोला धरला. तिला अबोला धरता येतो हे आम्हाला तेव्हा कळलं.

बरीच वर्षं बरी गेली. मग जिल्ह्यात आदर्श बागवसाहतीची स्पर्धा निघाली आणि अध्यक्षाच्या अंगात वारं शिरलं. वसंतातल्या सभेत त्याने जाहीर केलं, की सगळी जुनी ब्लॅककरंट उपटायची आणि पश्चिमेकडून आलेली नवी जात लावायची. चेरीएवढं फळ, मधासारखं गोड. प्रत्येक तुकड्यात एकच जात, एकसारखी रांग. पाहुण्यांनी रस्त्यावरून चालावं आणि थक्क व्हावं.

“पानाला वास आहे का?” मागून आवाज आला. मागून म्हणजे वरून.

“कापितोलिना येगोरोव्ना, आपण फळाबद्दल बोलतोय.”

“तुम्ही बोला फळाबद्दल. मी पान विचारतेय. वास आहे का?”

“असेल थोडा कमी. पण गोडवा...”

“गोड पाहिजे असेल तर मी साखर खाईन! साखरेसाठी काही उपटावं लागत नाही.”

सभा हसली. पण मतदान झालं तेव्हा हात वर गेले, माझाही गेला. कारखान्याच्या जमिनीवर बसून अध्यक्षाशी वैर कोण घेणार? ठरावात शेवटी एक ओळ होती, की जो ऐकणार नाही त्याचा तुकडा काढून घेतला जाईल.

“घ्या,” कापा मावशी उठून म्हणाली. “पण आधी मला उपटा. मग झुडूप.”

सगळ्यात आधी अध्यक्षाने स्वतःची रस्त्याकडची झुडपं उपटली आणि जाळली, सर्वांच्या देखत. मग आम्ही. धूर दोन दिवस नदीवर रेंगाळत होता. एकट्या कापा मावशीची आंबट उभी. नव्या रोपांच्या सरळ रांगेत ते विस्कटलेलं झुडूप अध्यक्षाच्या डोळ्यांत असं खुपायचं की तो तिच्या फाटकावरून जाताना मान दुसरीकडे वळवायचा.

त्या शरदात आमच्या मुरवलेल्या काकड्या बेचव निघाल्या. अध्यक्षाच्या बायकोच्या मात्र पहिल्यासारख्याच. आम्हाला वाटलं, पानं बाजारातून आणत असेल.

तुकडा सोडा म्हणून नोटिसा आल्या. कापा मावशीने त्यांवर सुकत घातलेले मशरूम पसरले. मग ती शहरात युनियनच्या कचेरीत जाऊन बसू लागली. साहेब नाहीत म्हटलं की म्हणायची, “मला घाई नाही, मी क्रेनमध्ये बसलेली बाई आहे.” आणि तिचा तो आवाज भिंतींतून आत जायचा. दोन वसंत ती अशी लढली. शेवटी कचेरीनेच अध्यक्षाला कळवलं, की त्या बाईला तिच्या झुडपासकट सोडा आणि आम्हाला काम करू द्या.

या लढाईत एक गोष्ट राहून गेली. मार्चमध्ये अजून बर्फ असताना, कोंब झोपेत असताना, आम्ही झुडपांवर झारीने कढत पाणी ओततो. कोंबात लपलेली कीड मरते. कापा मावशी याबाबतीत फार काटेकोर. गुडघाभर बर्फात बादली घेऊन उभी असायची. पण त्या दोन्ही मार्चमध्ये ती शहरातल्या बाकावर बसली होती.

पुढचा हिवाळा वाईट आला. बर्फ उशिरा पडला आणि थंडी आधी. मे महिन्यात नवी गोड जात काळी ठिक्कर, हात लावला की मोडायची. साऱ्या वसाहतीत हिरवं झुडूप एकच, आणि तेही कधी नव्हतं एवढं माजलेलं. जाडजूड फांद्या, पानांची नुसती गर्दी. लोक कुंपणाशी उभे राहून बघायचे.

मग आले एकेक मागायला. वसंतात फांदी वाकवून मातीत दाबली की शरदात तिचं वेगळं रोप होतं. आपली फांदी कुठली ते कळावं म्हणून प्रत्येकाने आपापली चिंधी बांधली. लाल, निळी, फुलाफुलांची. मी माझ्या जुन्या एप्रनची पट्टी बांधली. झुडूप लग्नाला निघाल्यासारखं दिसत होतं.

कापा मावशीचा तोरा तर विचारू नका. फाटक सताड उघडं टाकून ती पायरीवर बसायची. “या, या! कोण आलंय? ज्यानं हात वर केला होता तोच का? बांध बाबा, बांध. त्या हाताला आता चांगलं वळण लागलं.”

तेवढा हक्क तिचा होताच. तिने एकटीने लढून कमावला होता.

मेच्या अखेरीस फुलं उमलली. सकाळी मी मुळ्याला पाणी घालत होते. कुंपणापलीकडे फार वेळ शांतता होती, म्हणून मी डोकावले. कापा मावशी झुडपासमोर गुडघ्यांवर बसली होती. पान चुरगळत होती, नाकाशी धरत होती, टाकत होती, दुसरं घेत होती. जमिनीवर पानांचा खच.

“फाया, इकडे ये. मला सर्दी आहे का बघ.”

मी पान घेतलं. चुरगळलं. गवत. नुसतं गवत.

“आणि हे बघ.” फुलं विचित्र होती. एरवी फुगीर घंटीसारखी असायची ती, तर आता पाकळ्या बारीक, जांभळट, धाग्यांसारख्या फाटलेल्या. कोंबातल्या किडीने येणारा हा रोग आमच्याकडे सगळ्यांना ऐकून ठाऊक आहे. झुडूप फळ धरायचं सोडतं, म्हणून सगळी ताकद फांद्यांत जाते, आणि ते असं माजतं. आणि लोक फसतात ते इथेच. सगळ्यात दांडगं झुडूप बघून त्याचीच कलमं घेतात आणि वांझ झुडपं गावभर वाटतात. आम्ही तेच करायला निघालो होतो.

“पाणी ओतायचं राहिलं,” ती म्हणाली. “दोन्ही वर्षं. याच्यासाठी भांडायला गेले आणि यालाच विसरले.”

“मावशी, एखादी फांदी चांगली असेल...”

“सगळ्या हुंगल्या.”

“मग गप्प बस ना. शरदापर्यंत कुणाला कळतंय? चिंध्या गुपचूप काढून टाकू, काहीतरी सांगू. इतक्या वर्षांनी जिंकलीयेस तू.”

ती उठली. “जिंकलेय म्हणून सगळ्यांच्या बागेत रोग वाटू होय गं? अध्यक्षानं सांगून उपटलं नाही. कुणाच्या बापानं सांगितलं असतं तरी उपटलं नसतं. आता मी सांगतेय.”

तिने कुऱ्हाड आणली. पहिला घाव घातला तेव्हा आवाजाने लोक गोळा झाले. चिंध्यांसकट फांद्या पडत होत्या. “म्हातारीला वेड लागलं,” कुणी ओरडलं. “आम्हाला मिळू नये म्हणून करतेय!” मी पान घेऊन एकेकाच्या नाकाशी धरत फिरले. काहींना पटलं, काहींना नाही. ती कुऱ्हाड चालवतच राहिली. मुळं उकरून काढली, ढीग केला, रॉकेल ओतलं. लाल चिंधी आधी पेटली. जाळ खाली बसेपर्यंत ती कुऱ्हाडीच्या दांड्यावर हात ठेवून ताठ उभी होती. मग आत गेली आणि दार लावून घेतलं. तिच्या रडण्याचा आवाज मात्र वरून येत नव्हता, जमिनीतून आल्यासारखा येत होता. मला तो ऐकवला नाही.

त्या उन्हाळ्यात वसाहत मुकी झाली. ती यायची, बटाट्याला माती लावायची, जायची. कुणी मुद्दाम चुकीचं काही केलं तरी बोलायची नाही.

सप्टेंबरात एका संध्याकाळी मी तिच्याकडे बसले असताना मागच्या फाटकाची कडी हळूच वाजली. वेनियामिन साविच. टोपी हातात.

“कापितोलिना येगोरोव्ना, जरा... माझ्या न्हाणीघरामागे या. एक दाखवायचंय.”

आम्ही दोघी गेलो. न्हाणीघर आणि लाकडांचा ढीग यांच्या मधल्या बोळात, रस्त्यावरून कधीच दिसणार नाही अशा जागी, एक विस्कटलेलं झुडूप उभं होतं. कापा मावशीने कोंब मोडला, बोटांत चुरला. वास माझ्यापर्यंत आला. मला हुंगावंही लागलं नाही.

“तुम्ही दिलेलं,” तो म्हणाला. “बायकोनं उपटू दिलं नाही. काकड्यांसाठी. मार्चमध्ये पाणी मीच ओततो.”

“तीनदा आभार मानूनसुद्धा लागलं.”

“लागलं.”

मला वाटलं, आता ती त्याचा गळा धरणार. जाळलेली आमची झुडपं, नोटिसा, ते दोन मार्च! मीच काहीतरी बोलणार होते, पण तिने मला हाताने मागे सारलं.

“बटाट्यात खोचून ठेवलीत कलमं,” तो म्हणाला. “आत्ताच घेऊन जा. कुणी बघायच्या आत.”

“नाही,” कापा मावशी म्हणाली. बऱ्याच महिन्यांनी तो आवाज वर चढला. “अंधारात, मागच्या दारानं, मी घेणार नाही. मी चोरीची फांदीसुद्धा दिवसाउजेडी घेतली होती, सगळ्या प्रसूतिगृहासमोर. उद्या रविवार आहे. सकाळी, मधल्या रस्त्यानं, बटाटा हातात धरून माझ्या पुढच्या फाटकाशी या. यायचं नसेल तर ठेवा तुमच्या न्हाणीघरामागे.”

ती निघाली. त्या झुडपाकडे एकदाही वळून न बघता. बागेतल्या तिच्या घरी येऊन ती पुढच्या फाटकाकडे बघत बसली, चहा मला ओतावा लागला. “आला नाही तर?” मी विचारलं. “नाही तर नाही,” ती म्हणाली, पण रात्री शहरात परतली नाही, तिथेच राहिली.

रविवारी सगळे आपापल्या तुकड्यात होते, बटाटे काढायचे दिवस. मधल्या रस्त्याने वेनियामिन साविच येताना दिसला. सभेचा कोट घातलेला. दोन्ही हातांत एक मोठा बटाटा आणि त्यात खोचलेल्या तीन काटक्या. त्याच्या मागे बायको. लोक फावडी टेकून कुंपणांशी आले. कुणीतरी विचारलं, “काय हो हे, अध्यक्षसाहेब?”

“कापाची आंबट,” तो म्हणाला. चेहरा बीटासारखा लाल. “माझ्याकडे होती. लपवली होती.”

कुणी हसलं, कुणी शिवी घातली. तो थांबला नाही. फाटकाशी येऊन त्याने बटाटा पुढे केला. कापा मावशीने एक कोंब नखाने खरवडला आणि नाकाशी धरला. डोळे मिटले. मग उघडले, आणि त्याच्याकडे बघून तिने तोंड उघडलं.

“नाही, नाही!” अध्यक्ष ओरडलाच. “काही बोलू नका, कापितोलिना येगोरोव्ना! आभारबिभार अजिबात मानू नका!”

तिने झटकन तोंड मिटलं, वरून तळहात दाबून धरला. तशीच उभी राहिली, गालांवरून पाणी वाहत असताना, बटाटा छातीशी घट्ट धरून.

“हां, असंच,” वेनियामिन साविच म्हणाला. “लागेल आता.”